बाहेर महापौर, घरी सून: सेंट पॉलच्या हमोंग बायका

सई_सेंटपॉल (धागाकर्ती)

४ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानी निवडून आले, त्याच दिवशी आमच्या सेंट पॉलमध्येही (मिनेसोटाची राजधानी) महापौराची निवडणूक होती. सगळे ममदानींच्या मागे, आमच्याकडे कोण बघतंय! इथे काओली हर जिंकल्या. शहराच्या पहिल्या स्त्री महापौर, पहिल्या आशियाई वंशाच्या आणि पहिल्या हमोंग. हरवलं कोणाला, तर तेव्हाचे महापौर मेल्विन कार्टर ह्यांना. एके काळी त्या ह्याच कार्टरांच्या कार्यालयात धोरणाचं काम बघायच्या.

हमोंग कोण, हे माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. मूळचे दक्षिण चीनच्या डोंगरातले लोक, तिथून लाओस, व्हिएतनाम, थायलंडमध्ये पसरलेले. १९६० च्या दशकात सीआयएने लाओसमध्ये छुपं युद्ध चालवलं, त्यात जनरल वांग पाओंच्या हाताखाली हमोंग पुरुष लढले, मिसरूड न फुटलेली पोरंसुद्धा. १९७५ मध्ये अमेरिकेने गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्यांतल्या हजारोंनी जीव मुठीत धरून मेकाँग ओलांडली आणि थायलंडमधल्या छावण्या गाठल्या. तिथून टप्प्याटप्प्याने अमेरिकेत; शेवटची मोठी तुकडी २००४ पासून थायलंडमधल्या 'वाट थाम क्राबोक' ह्या बौद्ध मठाजवळच्या वस्तीतून आली. आज अमेरिकेत साडेतीन लाखांच्या वर हमोंग आहेत, बहुतेक कॅलिफोर्निया, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये.

समाजात अठरा कुळं मानतात: वांग, यांग, ली, शिओंग, थाओ, मुआ, हर, लोर वगैरे. एका कुळात लग्न होत नाही, दोन्ही घरांची सात पिढ्यांत गाठ पडलेली नसली तरी. देवक एक निघालं की आपल्याकडे बोलणी जशी तिथल्या तिथे थांबायची, तसंच. जुन्या पद्धतीत मुलगी लग्नानंतरही आडनाव वडिलांच्याच कुळाचं लावते. पण तिचे पितर, तिचं मर्तिक, तिच्या जिवाची जबाबदारी, सगळं नवऱ्याच्या कुळाकडे जातं.

आता माझा प्रश्न. १९९१ मध्ये चुआ ली सेंट पॉलच्या स्कूल बोर्डवर निवडून आल्या. अमेरिकेत निवडून आलेली पहिली हमोंग व्यक्ती. व्यक्ती म्हणतेय, बाई नव्हे. २००२ मध्ये मी मुआ (Mee Moua, 'मी' हे त्यांचं नाव) मिनेसोटाच्या सिनेटवर गेल्या. देशातल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात पोचलेली पहिली हमोंग व्यक्ती, पुन्हा बाईच. मग कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला महापौर शेंग थाओ, आता इथे काओली हर. ऑलिंपिकचं सुवर्णपदकही जिम्नॅस्ट सुनिसा लीच्याच गळ्यात. ज्या समाजात जेवणावळीत पुरुष आधी बसतात, कुळाचा कारभारी पुरुष, लग्नाची बोलणी करणारे मध्यस्थ (त्यांना मे कोंग म्हणतात) पुरुष, तिथे पहिलेपणाचा मान वारंवार बायकांकडे कसा जातो?

प्रश्न पडायला कारण माझ्या रुग्णालयातल्या वरिष्ठ बाई. आठवडाभर त्यांच्या सहीशिवाय आमच्या विभागात पान हलत नाही. शनिवारी दिराकडे आत्म्याला घरी बोलावण्याचा विधी असला की ह्याच बाई पहाटे अंधारात उठून कोंबड्या साफ करायला हजर. मी एकदा विचारलं, "नाही गेलात तर?" त्या म्हणाल्या, "मला कोणी काही म्हणणार नाही. माझ्या सासूला म्हणतील."

इथे हमोंगांच्या आसपास राहणारं, काम करणारं कोणी आहे का? लिहा.

---

कावळा

वाचतोय. ममदानींपेक्षा हे जास्त रंजक आहे.

---

पारिजात

सई, लेख आवडला. पण यात हमोंग असं वेगळं काय? ऑफिसात साहेब आणि घरी भाकऱ्या, हे आपल्याकडच्या कुठल्याही कमावत्या बाईचं रडगाणं आहे. गौरी-गणपतीत बँकेतली मॅनेजर बाई पुरणच वाटत असते.

---

मेधा_फ्रेस्नो

पारिजात, दमणूक सारखी असेल, पण "आपल्यासारखंच" म्हटलं की पुढचं दिसेनासं होतं. मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला शाळेत समुपदेशक आहे, माझ्याकडे हमोंग मुली खूप येतात. जरा सविस्तर लिहिते.

लग्न होऊन मुलगी सासरी आली की दारातच तिच्यावरून कोंबडा फिरवतात. तेवढ्याने तिचं माहेरच्या घरदेवतांशी नातं सुटतं आणि सासरच्या देवतांच्या पदराखाली ती येते. ह्याला केवळ रीत म्हणून सोडून देऊ नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. नंतर घटस्फोट झाला तर ती माहेरी राहू शकते, आईवडील प्रेमाने ठेवतातही. पण माहेरच्या देवतांच्या लेखी ती परकी. जुन्या नियमाने तिचं बाळंतपण त्या घरात होऊ नये, तिचं मरण त्या घरात होऊ नये, तिचं मर्तिक माहेरच्या कुळाने करू नये. सासरचा दरवाजा बंद, माहेरचा अर्धाच उघडा.

आणि हमोंग मर्तिक म्हणजे तासाभराचा कार्यक्रम नव्हे. तीन-चार दिवस रात्रंदिवस चालतं. केंग नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य वाजवत, मार्ग सांगणारं गाणं म्हणत मेलेल्याच्या जिवाला गावोगाव मागे नेतात, थेट जन्मस्थळी, जिथे त्याची वार पुरली होती तिथपर्यंत. (जुन्या रीतीने मुलाची वार घराच्या मुख्य खांबाशी पुरायची, मुलीची आईबापांच्या पलंगाखाली. घर कोणावर उभं आहे हे जन्मालाच ठरलं!) हे सगळं करायला कूळ लागतं. माणसं, पैसा, जाणकार, स्वयंपाकाला बायका.

म्हणून एखादी संचालक, डॉक्टर, नगरसेविका वाईट संसारात टिकून राहते तेव्हा बाहेरच्यांना कोडं पडतं. स्वतःचा पगार आहे, घर आहे, वकील आहे, मग अडलंय कुठे? अडलंय ते इथे. पगाराने कूळ विकत मिळत नाही.

बरीच कुटुंबं आता ख्रिस्ती आहेत, त्यांच्याकडे कोंबडा फिरवत नाहीत. कुळाचा धाक मात्र चर्चच्या दारात थांबत नाही, हे माझ्याकडे येणाऱ्या मुलींवरून सांगते.

---

पारिजात

बाप रे. हे अजिबात माहीत नव्हतं. मग यावर कोणी काही करत नाही का?

---

मेधा_फ्रेस्नो

करतात ना. थायलंडमधल्या हमोंग बायकांच्या संघटनेने घटस्फोटित मुलीला पुन्हा माहेरच्या कुळात घेण्याचा विधी रुजवायला घेतला. मला त्यातली हुशारी आवडली. कोर्टात न जाता, परंपरेला शिव्या न घालता, कुळांच्या ज्येष्ठांशी बसून त्यांनी मांडलं की देवतांना सांगून मुलगी बाहेर पाठवता येते, तर देवतांना सांगूनच परतही घेता येईल. विधीला विधीने उत्तर. अमेरिकेतल्या हमोंगांमध्येही यावर वाद झडताहेत. काही घरं मानतात, काही नाही.

---

वाटाड्या

सईंचा मूळ प्रश्न बाजूला पडतोय. बायका निवडून कशा येतात?

माझं उत्तर: कूळ हीच यंत्रणा आहे. मी मुआंची २००२ ची पोटनिवडणूक बघा. रँडी केली महापौर झाले म्हणून सेंट पॉलच्या ईस्ट साइडची जागा रिकामी झाली, मतदान जानेवारी अखेर, प्रचाराला मोजके आठवडे आणि मिनेसोटाची थंडी. अशा वेळी तयार जाळं ज्याच्याकडे तो पुढे. आता गंमत बघा. पुरुष उमेदवाराचं कूळ एकच, त्याच्या वडिलांचं. लग्न झालेल्या बाईची दोन: माहेरचं आणि सासरचं. शिवाय मावशा, नणंदा ज्या ज्या कुळात दिल्या ती घरं. ज्या व्यवस्थेने तिला दोन्हीकडे दुय्यम ठेवलं, तिनेच तिला दोन्हीकडची दारं ठोठावायची सोय करून दिली. शिवाय पुरुष उमेदवार उभा राहिला की "अमुक कूळ डोईजड होतंय" ही भीती. बाई कुठल्याच कुळाची पुरती वारस नाही, म्हणून तिची धास्ती कमी.

---

सई_सेंटपॉल

वाटाड्या, दोन कुळांचा मुद्दा पटला, धास्तीचा अर्धाच. मुआ नुसत्या कुळाच्या मतांवर आल्या नाहीत; ईस्ट साइडला गोरे कामगार, लॅटिनो, आफ्रिकन-अमेरिकन सगळेच राहतात. त्या वकील होत्या, पुढे सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्ष झाल्या. नुसत्या गोतावळ्यावर तिथवर कोणी जात नाही.

---

नीलमोहर

आणि ओकलंड? तिथे हमोंग वस्ती नगण्य. शेंग थाओ कुळाच्या जोरावर आल्याच नाहीत, उलट कूळ मागे टाकून आल्या. स्टॉकटनमध्ये जन्म, दहा भावंडांतली सातवी, सतराव्या वर्षी घराबाहेर. पुढे मारझोडीच्या नात्यातून निसटून तान्ह्या मुलासह काही काळ गाडीत राहिल्या. तिथून कम्युनिटी कॉलेज, बर्कली विद्यापीठ, नगरसेवक, आणि जानेवारी २०२३ मध्ये महापौर. घरदार सांभाळून वर आलेल्या बाईची ही गोष्ट नाही, सांभाळायला घरच न उरलेल्या बाईची आहे.

---

कावळा

त्यांचं पुढे काय झालं तेही लिहा की. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावलं. जानेवारी २०२५ मध्ये लाचखोरीचे फेडरल आरोप.

---

नीलमोहर

लिहिते की, लपवायचं काय त्यात. आरोप त्यांनी नाकारले आहेत. त्यांचा निकाल कोर्टात लागेल, इथे नको. मला रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत: शहराच्या महापौरावर लाचेचे आरोप झाले तर "महापौरांवर आरोप" म्हणतात. ओकलंडच्या पहिल्या हमोंग महापौरावर झाले तर अख्ख्या समाजातल्या आयांना मुलींना गप्प करायला निमित्त मिळतं. "बघितलंस ना?"

---

मेधा_फ्रेस्नो

अगदी! माझ्या एका विद्यार्थिनीला घरी हेच ऐकवलं गेलं. विद्यार्थी संघटनेच्या साध्या निवडणुकीला उभी राहत होती बिचारी.

---

सातपुडा

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. मी नंदुरबार जिल्ह्यातला, पावरा समाजातला. धडगाव-अक्राणीकडचा.

तुम्ही हमोंगांच्या वधूमूल्याबद्दल अजून बोलला नाहीत, म्हणून विचारतो. आमच्याकडे देज आहे. नवऱ्याकडचे मुलीच्या बापाला पैसे देतात, पंच बसून रक्कम ठरवतात. मुलगी पळून गेली तरी नंतर पंच बसतात, रक्कम ठरते, भांडण मिटतं. शहरातले लोक म्हणतात वा, हुंड्यापेक्षा बरं, तुमच्याकडे मुलीला किंमत आहे. किंमत आहेच हो. किंमत असते म्हणूनच परत मागतात. बाई नांदत नाही म्हटली की देज परत करा. बापाने ते कधीच खर्चून टाकलेलं असतं. मग बाप मुलीला म्हणतो, जा परत.

हमोंगांकडेही असंच आहे का?

---

मेधा_फ्रेस्नो

सातपुडा, लिहिलंत ते फार बरं केलंत. बरंचसं असंच. रक्कम साधारण पाच ते दहा हजार डॉलर, कधी जास्तही. दोन्हीकडचे मे कोंग टेबलाशी बसून तासन्‌तास बोलणी करतात, पेले भरले-रिकामे होतात, जुनी भांडणं उकरून दंडासकट मिटवली जातात. मुलगी शिकलेली असली की काही घरं जास्त मागतात. पदवी तिची, कर्ज तिचं, भाव वडिलांच्या हातात!

पण दुसरी बाजू अशी. हे पैसे म्हणजे दोन कुळांतला करार. नवरा मारतो, सोडून देतो, तर बाईने तक्रार न्यायची कुठे? मे कोंगकडे, कुळाच्या ज्येष्ठांकडे. पैसेच दिले-घेतले नाहीत तर ते म्हणतात, आम्ही मध्ये होतोच कुठे. म्हणून कितीतरी आया हट्टाने घेतात. लोभ नसतो, लेकीच्या मागे माणसं उभी राहावीत म्हणून घेतात. मुलगी म्हणते मला विकू नका. आई म्हणते मी तुला बेवारस पाठवणार नाही. दोघी खऱ्या बोलतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

---

सातपुडा

आमच्याकडे आई नाही बोलत, बापच बोलतो. बाकी समजलं.

---

सुरण

अवांतर: सेंट पॉलला हमोंग बाजार आहे म्हणे, खायला काय मिळतं?

---

सई_सेंटपॉल

दोन आहेत, हमोंगटाउन आणि हमोंग व्हिलेज. चिकट भात, पपईची झणझणीत कोशिंबीर, भरलेले चिकन विंग्ज. मिरचीची चटणी जपून घ्या, कोल्हापूरकरही गप्प होतात.

अगदीच अवांतर नाहीये पण हे. त्या बाजारातले निम्म्याहून जास्त गाळे बाया चालवताना दिसतात. शेतकरी बाजारातही तेच, उन्हाळ्यात पहाटे भाजी लावणाऱ्या हमोंग आज्या. छावण्यांमध्ये असताना बायकांनी पांडाउ नावाच्या भरतकामाची कापडं विकून घर चालवलं. युद्धाची, नदी ओलांडण्याची चित्रं भरलेले ते कापडाचे तुकडे इथल्या म्युझियममध्ये आहेत. युद्धात पुरुष एवढे गेले की कितीतरी घरांत कर्ती बाईच उरली. तेव्हा बाईने कमावणं ही ह्या समाजात अमेरिकेची देणगी नाही. बाईने कमवावं याला तिथे कधीच हरकत नव्हती. हरकत ठरवण्याला आहे.

---

वाटाड्या

"हरकत ठरवण्याला आहे" याला अनुमोदन. पण मग महापौरपद म्हणजे ठरवणंच की. दहा-बारा वर्षांत फरक पडेलच ना?

---

सई_सेंटपॉल

बाहेर पडलाय. जानेवारी २०२४ मध्ये सेंट पॉलच्या नगर परिषदेत सातच्या सात बायका होत्या, त्यात नेल्सी यांग ही हमोंग. कायदाही बदलला: मिनेसोटात २०२० पासून अठराच्या आत लग्न नाही, आईबापांची संमती असली तरी नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत चौदा-पंधराव्या वर्षी लग्न झालेल्या हमोंग बायका आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. मुलं वाढवून, रात्रीच्या कॉलेजात जाऊन आज त्यातल्या काही मोठ्या पदांवर आहेत. माझ्या वरिष्ठ बाई त्यातल्याच.

घरात मात्र बघा. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या मेजवानीला गेले होते. तिथे पदावर असलेल्या एका बाईंना आग्रहाने पुरुषांच्या टेबलावर बसवलं. मानाने, पहिल्या पंगतीला. त्यांची सख्खी जाऊ स्वयंपाकघरात. म्हणजे टेबलाचा नियम बदललाच नाही. त्या बाईंपुरतं त्यांना पुरुष मानून घेतलं, एवढंच. मला त्या मानाचा राग आला. त्या बाईंना आला का, विचारायचा धीर झाला नाही. पण अर्ध्या जेवणावरून उठून त्या आत गेल्या आणि भांडी विसळायला लागल्या.

---

नीलमोहर

यात मला दुसरंही दिसतं. त्या उठून आत गेल्या नसत्या तर पुढच्या निवडणुकीत त्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी मत दिलं असतं?

---

सई_सेंटपॉल

नसतं. आणि त्यांना ते पक्कं ठाऊक असणार.

---

कावळा

पुरुषांबद्दल कोणीच बोलत नाही. सुनिसा लीच्या वडिलांचं काय? बीमचा सराव करता यावा म्हणून परसात लाकडी बीम बांधून देणारा बाप. २०१९ मध्ये शिडीवरून पडून छातीखाली लुळा झाला, तरी हॉस्पिटलमधून फोनवरून पोरीला स्पर्धेसाठी धीर देत होता. तिच्यामागे आईबाप दोघं नसते तर टोकियोचं पदक कुठलं?

---

मेधा_फ्रेस्नो

कावळा, बरोबर. माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्येही ज्या पुढे जातात त्यांच्या मागे बहुतेकदा बाप असतो किंवा सासरा. (नवरा कमी वेळा, का ते देव जाणे.) पण जिम्नॅस्ट मुलगी ही अजून बापाच्या घरची असते. खरी परीक्षा सून झाल्यावर. सासऱ्याने आपल्या भावकीसमोर "ती आज येणार नाही, तिला काम आहे" म्हणणं आणि पुढचे शेरे स्वतः ऐकून घेणं, हे मी फार कमी बघितलंय.

---

पारिजात

नोकरीच्या ठिकाणी यातलं काय समजून घेतात? रजा वगैरे?

---

सई_सेंटपॉल

मर्तिकाची रजा कागदावर जवळच्या नात्याला मिळते: आईबाप, नवरा, मुलं, भावंडं. हमोंग सुनेला नवऱ्याच्या चुलत चुलत्याच्या मर्तिकालाही शुक्रवार ते सोमवार उभं राहावं लागतं. ती स्वतःची सुट्टी खर्च करते. मग वर्षअखेरीला तिच्या मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमाला सुट्टी उरत नाही आणि कोणीतरी म्हणतं, बाई करिअरच्या मागे आहे.

आमच्या विभागात वरिष्ठ बाईंनी एक केलं: नात्याचा रकानाच काढून टाकला. वर्षाला ठरावीक दिवस, कोणाच्या मर्तिकाला ते तुम्ही ठरवा. सोमाली नर्सना, मेक्सिकन सफाई कामगारांना, मलाही त्याचा फायदा झाला. माझी आत्या गेली तेव्हा मी त्याच रजेवर होते.

---

सातपुडा

हा नियम आमच्या जिल्हा परिषदेला कोणी सांगेल का? शिक्षक आहे मी.

---

सुरण

सातपुडा, देजवर वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.

---

सातपुडा

काढतो. परीक्षा संपू द्या. बायकोला लिहायला सांगतो, माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे.